नववं फडकं

१

भूकंप झाला की किनुए आधी गॅस बंद करायची, मग पुढचं दार उघडून त्याच्या फटीत चप्पल अडकवायची आणि मग शोहेइवर ओरडायची. पस्तीस वर्षांच्या संसारात हा क्रम ठरून गेला होता. दार उघडायचं ते चौकट वाकून अडकू नये म्हणून, आणि ओरडायचं ते नवरा हलत्या घरात बसून शांतपणे जेवण पुरं करतो म्हणून.

"अहो, छप्पर डोक्यावर आलं तरी तुमचा घास काही थांबायचा नाही!"

"चार आहे," शोहेइ मुळ्याचं लोणचं कुडुम कुडुम चावत म्हणायचा. "फार तर चारला थोडा कमी."

मग टीव्हीवर तीव्रतेचा आकडा यायचा आणि बहुतेक वेळा त्याचाच बरोबर निघायचा. या किनाऱ्यावर प्रत्येक घरात असा एक जाणकार असतोच, आणि त्याच्या बायकोला त्याचं काडीचं कौतुक नसतं.

पण खांबावरच्या भोंग्याने समुद्राचा इशारा दिला, की हाच शोहेइ तोंडातला घाससुद्धा गिळायला थांबत नसे. एरवी तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, पण गावच्या अग्निशमन पथकातही स्वयंसेवक होता आणि बंदरापासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत चढत जाणारी त्यांची गल्ली त्याच्याकडे होती. गल्लीत नऊ घरं, त्यातली आठ नांदती. नियम साधा होता. घर सोडून वर देवळाकडे जाताना प्रत्येकाने फाटकाला पिवळं फडकं बांधायचं. त्याचा अर्थ, आम्ही वर गेलो, आम्हाला शोधू नका. फडकं असेल तिथे शोहेइने थांबायचं नाही. नसेल तिथे आत शिरून खोली न् खोली बघायची. लाटेच्या वेळेआधी दहा मिनिटं बंदरावर घंटा व्हायची, आणि ती झाली की हातात काहीही असो, टाकून वर पळायचं. मोठ्या लाटेच्या वर्षी शोहेइच्या पथकातले दोघं रिकाम्या घरांतून माणसं शोधत राहिले आणि तिथेच लाटेत गेले. त्यानंतर हा नियम आला.

त्या वर्षी गल्लीप्रमुखाची पाळी किनुएवर आली होती. म्हणजे देवळाच्या पटांगणात डोकी मोजायची आणि इशारा मागे घेतला की फडकी सोडली गेली ना ते बघायचं. किनुएला असली कामं आवडत. कपाटातले टॉवेलसुद्धा ती कडेला कड लावून ठेवणारी बाई.

एप्रिलमधल्या इशाऱ्यानंतर ती पायऱ्या उतरताना सहज मोजत होती. फडकी नऊ भरली.

२

नववं घर गल्लीत सगळ्यात खाली, बंदराला लागून. इवाबुची तोमे आजींचं. मोठ्या लाटेच्या वर्षी आजी त्याच घरात वारल्या, आणि तेव्हापासून तेरा वर्षं ते बंद होतं. शहरातला पुतण्या ना ते पाडत होता, ना विकत होता. फाटकाच्या कुलपाचा तर गंजून गोळा झाला होता.

"अहो, खालच्या घराला तुम्ही फडकं बांधता का हो?" किनुएने रात्रीची वाट न बघता त्याच दुपारी विचारलं. मनात काही ठेवून जेवायला बसणं तिला जमत नसे.

"मी? तू ना बांधतेस?"

"मी कशाला बांधू? घर रिकामं आहे."

शोहेइने कप खाली ठेवला. "मला वाटलं तूच. आणि गेल्या वर्षी वाटलं, ओइकावा काकू असतील. प्रमुख त्या होत्या ना तेव्हा."

"म्हणजे गेल्या वर्षीही होतं?"

"असायचंच की. नियम आल्यापासून आहे. मी बघतो आणि पुढे जातो."

किनुए उठून समोर ओइकावा काकूंकडे गेली. काकू सत्तरीच्या, तोंडाने तिखट. ओसरीत बसून समुद्रशेवाळाच्या पानांतला देठ ओढून काढत होत्या.

"मी बांधते?" काकू हसल्या. "अगं, माझ्या स्वतःच्या फाटकाला बांधताना माझी कंबर धरते. मला वाटायचं तुझा नवरा बांधतो. शहाणपणाचंच आहे म्हटलं, उगाच कुणी शोधायला आत जायला नको."

"आणि सोडतं कोण?"

काकूंचा हात थांबला. "ते काही मी बघितलं नाही बाई."

किनुएने गल्लीतल्या आठही घरी विचारलं. प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचं तरी नाव वाटत होतं. अशी कामं सगळीकडेच असतात म्हणा, ज्याला त्याला वाटतं दुसरा करतो, आणि ती होत मात्र असतात. तिने स्वतःची तशीच समजूत घातली. पण ती काही नीट बसेना.

३

जूनमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं. पडीक घरांना फडकं असू नये, हेलिकॉप्टरमधून मोजताना घोळ होतो. किनुएला बरंच वाटलं. आता जे करायचं ते नियमातच बसत होतं.

आठवड्यातच एक लहानसा इशारा झाला. तो मागे घेतल्यावर, लख्ख उन्हात, ती खाली इवाबुचींच्या फाटकाशी गेली. फडकं होतं. बाकीची आठ पालिकेने दिलेली, चकचकीत नायलॉनची. हे सुती होतं, तोंड पुसायच्या पंच्यासारखं, पिवळसर. मूळचं पिवळं होतं की जुनं झाल्यामुळे पिवळं पडलं होतं, ते तिला सांगता आलं नसतं.

ती सोडायला गेली तर गाठच सापडेना. मग दिसली. गाठ आतल्या बाजूला होती.

घर सोडून जाणारा माणूस आधी बाहेर येतो, फाटक ओढतो आणि मग बाहेरून गाठ मारतो. दुसरं कसं जमेल? तिने कुलूप ओढून पाहिलं. ते हललंसुद्धा नाही. शेवटी गजांतून दोन्ही हात आत घालून तिने चाचपडत गाठ सोडली. फडकं ओलं होतं. पाऊस आठ दिवसांत नव्हता. समुद्रावरून तुषार उडाले असतील, ती मनाशी म्हणाली, आणि बाकीची आठ फडकी कोरडी का, हा प्रश्न तिने पुढे नेला नाही.

घरी आणून तिने ते दोनदा धुतलं. दोरीवर तीन दिवस वाळायला लागले.

चौथ्या दिवशी जेवताना शोहेइची नजर दोरीवर गेली. "ते कुठलं?"

"खालच्या घराचं. पालिकेचं पत्र आहे."

"परत बांध."

"अहो, पत्र आहे म्हणते ना."

"किनुए, परत बांध ते."

भूकंपात न थांबणारा घास त्याच्या हातात थांबला होता. त्याने कारण सांगितलं असतं तर तिने कदाचित ऐकलंही असतं. पण त्याने सांगितलं नाही, आणि हुकूम सोडणारा नवरा तिला मुळीच खपत नसे. रिकाम्या घराला कसलं आलंय फडकं, असं म्हणून तिने ते बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि झाकण दाबून लावलं. पुढे याच गोष्टीसाठी तिने स्वतःला खूप बोल लावले.

४

ऑगस्टमध्ये सकाळी अकराला मोठा भूकंप झाला. कपाटातल्या बशा आधी नुसत्या किणकिणल्या, मग एकेक करून खाली आल्या. "पाच," म्हणत शोहेइ हेल्मेट घालून निघालाच. भोंगा ओरडायला लागला होता. लाट एक मीटर, अर्ध्या तासात.

किनुएने गॅस बंद केला, आपल्या फाटकाला फडकं बांधलं आणि देवळाच्या पटांगणात जाऊन डोकी मोजली. सोळा. शोहेइ सोडून सगळे आले होते. तिथून गल्ली तळहातासारखी दिसते. तिचा नवरा एकेका फाटकावर नजर टाकून भराभर खाली चालला होता. आठ फडकी, आठ फाटकं. नवव्याशी तो थांबला.

तो आता आत शिरणार, हे तिला लख्ख कळलं.

वर आलेल्याने पुन्हा खाली जायचं नाही, हा गल्लीप्रमुखाने सगळ्यांना दहादा सांगायचा नियम. किनुए पायऱ्या उतरून धावत सुटली. मागून ओइकावा काकू हाका मारत होत्या.

"अहो! ते घर रिकामं आहे!"

"फडकं नाही," शोहेइ म्हणाला. तो कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने कुलूप तोडत होता.

"फडकं माझ्या डब्यात आहे! मी काढलं ना ते! आत कुणी नाही, तेरा वर्षं कुणी नाही!"

"मग इतकी वर्षं बांधत कोण होतं?"

तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता, तुला माहीत असेल तर सांग, अशा चेहऱ्याने. कुलूप तुटलं आणि तो आत गेला.

५

ती फाटकाशीच उभी राहिली. आत पाऊल टाकायला तिचे पाय तयार नव्हते, आणि त्याला सोडून वर जायलाही.

आतून फळ्यांचा आवाज आला. एक सरकतं दार अडखळत उघडलं. दुसरं उघडलं. "कुणी आहे का?" शोहेइ ठरलेल्या पद्धतीने ओरडत होता. एक खोली, दुसरी खोली. तिसऱ्या खोलीतून त्याचं ओरडणं आलं नाही. बोलणं आलं.

"हो. हो, मीच." मग थोडं थांबून, "सावकाश. काही घाई नाही." मग पुन्हा थांबून, "चपला राहू देत."

मधल्या जागी किनुएला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण त्या जागा बरोबर तेवढ्याच होत्या, जेवढ्या दुसऱ्याला बोलायला लागतात.

बंदरावर घंटा झाली.

शोहेइ दारात आला तो कमरेत वाकून, दोन्ही हात मागे एकमेकांत गुंफून. चौकटीशी तो आणखी खाली झुकला. त्याच्या डोक्यावर हातभर जागा होती, तरीही झुकला. पाठीवर काही नव्हतं.

"पुढे हो," तो म्हणाला. "वेळ लागणार. चढण आली की आजींना धाप लागते."

किनुए पुढे झाली नाही. ती मागून चालली, कारण त्याला मागे ठेवून चालणं तिच्याने होईना. पळत चार मिनिटांची वाट, त्याला अकरा लागली. त्याच्या अंगातल्या पथकाच्या जाड कोटाच्या दोन्ही खांद्यांवर कापड चुरगळून आत ओढलं गेलं होतं. वाकल्यावर कोट असा ओढला जातो, तिने स्वतःला सांगितलं. जुना कोट आहे. कापड मऊ पडलंय.

पटांगणात पोहोचल्यावर तो बाकाकडे पाठ करून हळूच खाली बसला आणि मग एकदम उठून सरळ उभा राहिला. बाकावर बसलेल्या ओइकावा काकू सरकून कडेला झाल्या.

"तुम्ही का सरकलात?" किनुएने विचारलं.

"अगं, बसायला जागा नको?"

"कुणाला?"

काकूंनी तोंड उघडलं, बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि गोंधळून गेल्या. "शोहेइला," त्या म्हणाल्या. शोहेइ चार पावलांवर उभा राहून पाणी पीत होता.

लाट चाळीस सेंटिमीटरची आली. बंदरातली तरंगणारी पिंपं थोडी हलली, एवढंच.

६

उतरतानाही तो तसाच वाकून उतरला. इवाबुचींच्या घरापर्यंत मात्र गेला नाही. आपल्या घरात शिरला, मागच्या खोलीत गेला, आणि बाहेर येताना त्याने सरकतं दार अर्धंच ओढलं.

"दार पूर्ण लावू नकोस," म्हणाला. "अंधार होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन कप चहा घेऊन त्या खोलीत गेला आणि दोन्ही कप रिकामे घेऊन बाहेर आला. दोन्ही चहा तोच पीत असेल. पिऊ दे, किनुएला वाटलं, चहाच तर आहे. तो कामावर गेल्यावर तिने खोली कानाकोपऱ्यापर्यंत झाडली. काही सापडलं नाही. खिडकीजवळच्या चटईवर एका जागी दमट लागत होतं आणि तिथे चटई किंचित दबली होती. जुन्या घरात चटया दबतात. तिने ती उन्हात टाकली. संध्याकाळी परत अंथरली. सकाळी पुन्हा दमट होती.

मग तिने डब्यातलं फडकं काढलं आणि जाऊन नवव्या फाटकाला बांधलं, आत हात घालून, गाठ आतल्या बाजूला. हात जोडून चुकलं असंही म्हणाली. दोन छोटे इशारे होऊन गेले. फडकं जिथल्या तिथे राहिलं, वाळून कडक झालं, उन्हाने विटलं. ते सोडायला कुणीही आलं नाही; सोडणारं आता त्या घरात नव्हतंच. रोज खाली जाऊन ते बघताना तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

शोहेइ दिवसेंदिवस वाकत चालला. डॉक्टरांनी फोटो काढला. मणके ठीक होते.

"वजन उचलणं बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"मी काही उचलत नाही," शोहेइ म्हणाला, आणि ते ऐकून किनुएला रडू आलं.

घरी येताना तिने गाडी बंदराच्या बाजूला थांबवली. "अहो, मला काय ते सांगा. वेडी होण्याआधी सांगा."

तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "त्या वर्षी मी फाटकापर्यंत गेलो होतो. आजी आतून ओरडल्या, पाय अडकलाय म्हणून. तेवढ्यात वरून सगळे हाका मारायला लागले." त्याने मांडीवरचे हात चोळले. "मी म्हटलं, आलोच."

"आणि?"

"आणि काही नाही. आलोच म्हटलं, आणि वर गेलो."

तिने त्याचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. म्हणजे हे सगळं त्याच्या मनातलं आहे, ती विचार करत होती, तेरा वर्षं साठलेलं बाहेर पडतंय. पण मग गाठ? आणि सरकलेल्या काकू? एक धागा हातात घ्यावा तर दुसरा सुटायचा, आणि तिच्या कडेला कड लावायच्या सवयीचा इथे काही उपयोग नव्हता.

७

ऑक्टोबरमध्ये दुपारी तीनला जो झाला, त्याला शोहेइने आकडा दिलाच नाही. उभं राहता येत नव्हतं. कपाट आडवं झालं, गॅसपर्यंत किनुए रांगत गेली. भोंग्यातला बाईचा आवाज नेहमी शांत असायचा, आज ती किंचाळत होती. तीन मीटर. त्याहून जास्त. वीस मिनिटं.

पथकातून त्याला पाठीपायी सुटी मिळाली होती. तेवढं एक बरं होतं. त्याला फक्त स्वतःला वर न्यायचं होतं. "चला!" ती ओरडली. तो मागच्या खोलीत गेला. अर्ध्या दारातून तिला तो दिसला, चटईकडे पाठ करून गुडघ्यावर बसलेला, हात मागे पसरून वाट बघणारा.

"नका ना हो!"

दुसऱ्या प्रयत्नात तो उठला.

देवळाच्या पायऱ्या एकशे बारा. चौदाव्या पायरीवर तो बसला. हात मागे तसेच गुंफलेले. तोंड राखेसारखं पडलं होतं. खाली बंदरातलं पाणी ओसरून तळातला चिखल उघडा पडला होता. घंटा झाली.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "ज्याने त्याने आपला जीव वाचवायचा. तूच सांगतेस ना सगळ्यांना."

"तुम्ही हात सोडा. नुसते हात सोडा!"

"आलोच म्हटलं होतं मी," तो म्हणाला.

किनुएने त्याचे हात सोडवून पाहिले. बोटं जणू एकमेकांत रुजली होती. ती रडत होती आणि भयंकर चिडलीही होती, त्याच्यावर, त्या बाईवर, स्वतःवर. पाठीवर कुणी आहे की नाही, हे तिला आजही माहीत नव्हतं. माहीत एवढंच होतं की तो ओझं खाली टाकणार नाही. कुणी नसेल, तर कुणी नसण्यापायी मरेल. आणि तिला तो जिवंत हवा होता. लोणचं चावत आकडे सांगणारा, वैताग आणणारा, पण जिवंत.

ती त्याच्या मागे एक पायरी खाली उतरली, वळली आणि पाठ त्याच्या पाठीला लावून बसली.

"तोमे आजी," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच त्यांना हाक मारली होती. "त्यांची पाठ गेलीये. माझ्याकडे या. मला धरा."

काही झालं नाही. भर दुपारी पायरीवर बसून हवेशी बोलणारी आपण, तिला वाटलं, म्हातारपणी शोभतंय हे. खाली, चिखलाच्या पलीकडे, पाण्याची पांढरी रेघ उठली होती.

मग तिच्या पाठीला टेकलेली पाठ निघून गेली. तिने वळून पाहिलं. शोहेइ उभा होता, ताठ, दोन महिन्यांत नव्हता तसा. काय करायला आलो होतो ते विसरलेल्या माणसासारखा त्याने इकडेतिकडे बघितलं. त्याची नजर किनुएवरून गेली, पण थांबली नाही. मग तो दोन दोन पायऱ्या टाकत, हात मोकळे हलवत वर निघाला. वरून ओइकावा काकू त्याला नावाने बोलावत होत्या.

किनुएला आनंद झाला. सगळ्यात आधी आनंदच झाला. वाचला, ती मोठ्याने म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी गुडघे दाबून उठायला जोर लावला. गळ्याखालच्या हाडांवर काहीतरी गार आणि ओलं टेकलं, डावीकडे पाच, उजवीकडे पाच, एकेक करून, आणि मग त्यांनी नीट पकड घेतली. खालून गल्लीतली पहिली लाकडं मोडल्याचा आवाज आला.

किनुएने हात मागे नेऊन बोटं एकमेकांत गुंफली आणि पाय उचलला. अजून नव्व्याण्णव पायऱ्या होत्या.